कोट पाठवू नका

अब्बा,

हवालदारकाकांचा कोट तीन आठवडे माझ्याकडे होता, आणि परवा मी तो स्वतः जाऊन त्यांच्या हातात देऊन आले. उद्या संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, म्हणजे तुमच्या छावणीच्या लोकांचा मेळावा. या वर्षी तो साताऱ्यातच आहे, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. हे मी तुमच्या शिलाई मशीनच्या फळीवर वही ठेवून लिहिते आहे. मशीन उंब्रजहून माझ्याकडे आलं त्याला आता बरीच वर्षं झाली. खरं सांगायचं तर त्याच्यावर मी औषधांचा डबा आणि फोनचा चार्जर ठेवत होते. तुम्हाला जाऊन बत्तीस वर्षं झाली. तुमच्या नावाने मी शेकडो पत्रं लिहिली, तुम्हाला मात्र एकही लिहिलं नाही. लिहायचं तरी कशाला, तुम्ही तर समोरच बसलेले असायचात, तोंडात टाचण्या धरून.

ते कोट तुम्ही शिवलेत तेव्हा मी सहा वर्षांची होते, त्यामुळे ती गोष्ट मला तुमच्या तोंडूनच माहीत. डोंगरातली ती फौजेची छावणी मोडायचं ठरलं. कुणाची बदली झाली, कुणाची पेन्शन आली, आणि सातारा-सांगलीकडचे तुम्ही वीस जण एका संध्याकाळी बसून म्हणालात की आता कोण कुणाला ओळखणार. सगळ्यांनी मिळून खालच्या बाजारातून गडद हिरव्या गरम कापडाचा तागा आणला आणि छावणीच्या टेलरने, म्हणजे तुम्ही, एकोणीस कोट शिवले. विसावा नाही. स्वतःला कापड पुरलं नाही, असं तुम्ही सांगायचात, आणि अम्मी म्हणायची की पुरलं असतं, पण उरलेल्यातून तुम्ही माझं शाळेचं दप्तर शिवलंत. प्रत्येक कोटाच्या शिवणीत तुम्ही दोन बोटं जास्त दाब ठेवलात. लोक विचारायचे, एवढं कापड आत कशाला दाबतोस, तर तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "घरी जाऊन भाकरी खानार हाय तुमी. सुटनार न्हाई व्हय?"

आणि सुटलेच सगळे. मेळाव्याच्या आधी महिनाभर आपल्या दुकानात हिरवे कोट यायला लागायचे. कुणाचा एसटीच्या पार्सलने, कुणाचा उंब्रजच्या बाजाराला आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून, आणि प्रत्येकाच्या खिशात त्या माणसाच्या कंबरेएवढी सुतळी. हायवेवर आपलं एवढंसं दुकान, पण त्या महिन्यात दारावरून जाणाऱ्याला वाटावं इथे कुणाची तरी वरात थांबलीय. प्रत्येक कोटाच्या आत, अस्तराखाली, तुम्ही एक पांढरी पट्टी शिवलेली होती. त्या पट्टीवर दर वर्षीचं कंबरेचं माप तुम्ही न पुसणाऱ्या पेन्सिलीने लिहायचात, एकाखाली एक. आकडे तेवढे तुमचे, अक्षरं माझी. घरात आपण आपली दखनी बोलायचो, पण पत्राला बसलात की तुम्ही मराठीवर यायचात, आणि चौथीत गेल्यापासून ती पत्रं मी लिहायचे. तुम्हाला वाचायला यायचं, पण एकेक अक्षर लावत, आणि माझं लिहिलेलं तर तुम्ही कधीच वाचलं नाहीत. मी वाचून दाखवायचे, तुम्ही मान डोलवायचात आणि खाली फौजेत शिकलेली सही करायचात, आगगाडीच्या डब्यांसारखी सुटी सुटी इंग्रजी अक्षरं.

कोटावरून तुम्हाला माणूस कळायचा. एकदा तुम्ही सुतळी टेपवर दोनदा मोजलीत आणि म्हणालात, "लिही. कंबर अडीच इंचानं उतरली हाय. हे चांगलं लक्षन न्हवं. दवाखान्यात जा, साखर बघ." त्या माणसाला खरोखरच साखर निघाली, आणि पुढच्या वर्षी त्याच्या कोटाच्या खिशात अम्मीसाठी हळदीची पुडी आली. दुसऱ्या एकाच्या कोटाचं डावं कोपर झिजलेलं पाहून तुम्ही ओळखलंत की तो आता खिडकीशी बसून असतो, कामाला जात नाही. मला तेव्हा वाटायचं, हे काय पत्र आहे! सातवीत मी एकदा माझ्या मनाने छान छान वाक्यं घातली, "आपल्या कृपाछत्राची आस" वगैरे, निबंधाच्या वहीतली. वाचून दाखवलं तर तुम्ही मशीन थांबवलंत. मला मारलं नाहीत, पण तुमचा आवाज मला मारापेक्षा लागला. "मी आसं बोलतो का? मी बोललो तेवढंच लिही. या कागदावर माझं तोंड हाय, तुझं न्हाई." ते पोस्टकार्ड मी फाडलं आणि पुन्हा लिहिलं. रडत लिहिलं, पण तुमचंच लिहिलं. तेव्हा ऐकलं म्हणून आत्ता जास्त लाज वाटते.

मला खंडाळ्याजवळ शाळेत नोकरी लागली त्या वर्षी तुम्ही मला मेळाव्याला घेऊन आलात. शिक्षिका झालेली लेक मिरवायची होती तुम्हाला, कबूल करा. हॉल साताऱ्यातलाच. मी नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले, आणि तुम्ही दिसेनात. शोधत गेले तर मागच्या खोलीत तुम्ही जमिनीवर गुडघे टेकून एका मोठ्या साहेबाच्या पँटीची शिवण घालत होता आणि तो उभ्या उभ्या चहा पीत होता. बाहेरून कुणीतरी ओरडला, "ए टेलर, झालं का? इकडं एकाचं बटन तुटलंय." तुम्ही "आलो, आलो" म्हणत उठलात. पुढे भाषणं झाली, हार झाले, हजेरी झाली, फोटो निघाला. फोटोत एकोणीस हिरवे कोट आणि तुम्ही नाही. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसून गालात हसत होता. म्हणालात, "लय झ्याक झालं या वर्सी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मला वाटलं, ही माणसं माझ्या बापाला वापरतात आणि माझा भोळा बाप त्याला दोस्ती म्हणतो. बावीस वर्षांची होते, पगार सुरू झालेला, जगातलं सगळं कळतं असं वाटायचं वय.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही नेहमीसारखं सांगितलंत, "लिही. मेळावा जवळ आला. कोट पाठवा. कंबर कमीजास्त आसंल तर लाजू नका. मी वाट बघतो." मी एकोणीस कार्डांवर लिहिलं, "आता डोळ्यांनी काम होत नाही. कोट पाठवू नका. मलाही येणं जमणार नाही." आणि तुम्हाला वाचून दाखवलं ते तुम्ही सांगितलेलं. पाठच होतं, न अडखळता वाचलं. तुम्ही मान डोलवलीत आणि मशीनच्या फळीवर एकेक कार्ड ठेवून एकोणीस सह्या केल्यात. मध्ये एकदा शाई वाळेना म्हणून तुम्ही कार्डावर फुंकर मारलीत. ती फुंकर मला अजून ऐकू येते, अब्बा. मी तेव्हाही थांबले नाही. शाळेला जाताना पेटीत टाकून आले, आणि एसटीत बसल्यावर मला चक्क अभिमान वाटला.

त्यानंतरचा महिना मला लिहायचा नाही, पण लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. तुम्ही मशीनला तेल दिलंत. हिरव्या दोऱ्याची नवी रिळं कऱ्हाडहून आणलीत. दुकानातल्या भिंतीवरच्या खुंट्या मोकळ्या केल्यात, लग्नाचे ब्लाउज बिचारे एका खुर्चीवर रचून ठेवलेत. आणि रोज तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज झाली की एसटी स्टँडच्या पार्सल खिडकीवर जाऊन यायचात. मी शनिवार-रविवारी घरी यायचे तेव्हा अम्मी डोळ्यांनी सांगायची, आज पण काही नाही. तुम्ही म्हणायचात, "पार्सल लेट झालं आसंल." मग म्हणायला लागलात, "या वर्सी थंडी लय, लोक निघंना झालेत." संक्रांत झाली, रविवार गेला. सोमवारी तुम्ही ब्लाउज उचलून परत खुंट्यांवर लावलेत आणि म्हणालात, "रेडीमेडचं दिवस आलं." एवढंच. पुन्हा कधी तुम्ही मला पत्र लिहायला बसवलं नाहीत. मी सांगू शकले असते. रोज सांगू शकले असते. पण एकदा सांगायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी ते दुप्पट जड होतं, हे वर्गातल्या पोरांना मी तीस वर्षं शिकवलं, कारण मला ते पक्कं माहीत होतं.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. जनाजा निघाला तेव्हा हिरवे कोट घातलेले चौघे आले. त्यांनी खांदा दिला, माती दिली. त्यांच्यातले हवालदारकाका विट्याकडून दोन एसट्या बदलून आले होते. त्यांनी अम्मीसमोर हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, चुकलं आमचं. टेलरचं डोळं गेल्यावं त्याच्याम्होरं कोट घालून कसं यायचं, त्याच्या जिवाला लागंल, म्हनून आमी आलो न्हाई. घरात बसून ऱ्हायलो." अम्मीला त्यातलं काही कळलं नाही. डोळे? तुमचे डोळे तर शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावून आत गेले, आणि लोकांना वाटलं, लेकीला बापाचं दुःख झालं. तेवढ्यात मला कळून चुकलं होतं की ती माणसं तुम्हाला वापरत नव्हती. ती तुम्हाला जपत होती, तीही तुमच्यासारखीच वेडी. तिथेच तोंड उघडलं असतं तर चौघांना तरी खरं कळलं असतं. मी उघडलं नाही.

आता या वर्षाचं सांगते. तुमच्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. हयात चौघेच, बाकी पोरं, सुना, नातवंडं. कुणीतरी माझा नंबर शोधून मला त्यात घातलं. रोज सकाळी फुलांची चित्रं येतात, तुमची करमणूक झाली असती. त्यात कुणीतरी मेळाव्यांचे जुने फोटो टाकले. मी एकेक मोठा करून पाहिला. हवालदारकाका सगळ्यांत आहेत. आधी काही वर्षं पोट सुटलेलं, कोटाची बटणं न लावलेली. मग हळूहळू अंग उतरत गेलं आणि कोट मोठा होत गेला. शेवटच्या फोटोत तर पाठीला मोठी पिन लावलेली दिसते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, मामंजींनी कोटाचा ध्यास घेतलाय. विट्यात इतकं टेलर हायती, पन कुनाला हात लावू देत न्हाईत. म्हंत्यात, टेलर मास्टरच्या घरी न्या."

मी गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत ते, अंगणात बाजेवर ऊन खात बसलेले. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"मास्टरची पोर न्हवं का तू?"

"व्हय, काका."

"कोट ढगळा झालाय बघ. का मी बारीक झालोय, कोन जानं. तुला शिवाय येतंय न्हवं?"

"येतं," मी म्हणाले.

"आसनारच. त्याचा हात आसनारच तुझ्यात."

तुम्ही हसत असाल. साधी तुरपाई करताना माझं बोट रक्ताळतं. तुम्ही किती मागे लागला होता, आणि मी म्हणायचे, मला मास्तरीण व्हायचंय, टेलरीण नाही. पण तिथे नाही म्हणवलं नाही.

घरी आणून मशीनवरचा औषधांचा डबा उचलला, तेल दिलं, कोट उलटा केला आणि अस्तर उसवलं. पांढरी पट्टी तिथेच होती. चौतीस, चौतीस, पस्तीस, साडेपस्तीस, मग छत्तीस बराच काळ, आणि शेवटी अडतीस. त्याखाली कोरी. पट्टी तुम्ही लांब ठेवली होती, आणखी डझनभर आकडे मावतील एवढी. शिवणीजवळ सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी एकीशेजारी एक दिसत होत्या, सगळ्या तुमच्या बारीक टाक्याच्या. बाहेरच्या कुणाचा एकही टाका नाही. चौतीस वर्षं तो माणूस बटणं न लावता हिंडला, मग पिन लावून हिंडला, पण मास्टरने केलेल्या शिवणीवर दुसऱ्या कुणाला कात्री चालवू दिली नाही. कारण मास्टरने लिहिलं होतं, कोट पाठवू नका. त्यांनी माझं वाक्य तुमचा शब्द म्हणून पाळलं होतं. मी ते अस्तर मांडीवर घेऊन भरदुपारी मोठ्याने रडले. शेजारीण येऊन विचारून गेली.

तीन आठवडे लागले. दोनदा उसवलं. डावी बाजू अजूनही थोडी तिरकी आहे, तुम्ही असता तर कोट माझ्या अंगावर फेकला असतात. पट्टीवर अडतीसच्या खाली मी तेहतीस लिहिलं. बॉलपेन पसरलं, माझा तीन तुमच्या तीनसारखा झाला नाही. परवा विट्याला जाऊन काकांच्या अंगात कोट घातला. सुनेने आरसा धरला. ते कितीतरी वेळ बटणं लावत आणि काढत बसले. मग मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. मेळावा, ती मागची खोली, एकोणीस कार्डं, सह्या. सगळं, माझा शहाणपणा धरून.

काका म्हणाले, "सही त्याची हुती."

"सही त्यांची होती काका. बोलणं माझं होतं. डोळे चांगले होते त्यांचे."

त्यांनी कोटाची बाही हाताने दोन-तीनदा सारखी केली. "आगं, त्या खोलीत त्याला कोन पाठवत न्हवतं. फोटोला बोलवायला मी सोता दोनदा गेलो. मला म्हनला, जा रं गड्या, तुमी समदे नीट दिसला पायजे, फोटो माझ्याच हातचा हाय." मग म्हणाले, "मनात कुठंतरी वाटायचं, त्यानं आमाला तोडलं. डोळ्याचं निमित्त. तू बोलायची हुतीस गं पोरी. कवा तरी बोलायची."

"व्हय. चुकलं माझं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की मेळाव्यात अजूनही हजेरी घेतात, सगळ्या नावांची, गेलेल्यांचीही, आणि गेलेल्याच्या घरचं माणूस उठून हजर म्हणतं. "मास्टरच्या नावाला आजपतूर मीच म्हनत आलो. आता माझा आवाज चढत न्हाई. या वर्सी तू यायचं. आन् हे जे मला सांगितलंस, ते बाकीच्या तिघांस्नी सांगायचं." मी हो म्हणाले. उद्या जाईन. बत्तीस वर्षं ज्या हॉलच्या रस्त्यानेसुद्धा गेले नाही, तिथे तुमचं नाव पुकारतील आणि मला उठावं लागेल. शाळेत हजारो हजेऱ्या घेतल्या मी, तरी मघापासून "हजर" म्हणून बघते आहे.

आता राहिलेलं एक सांगते, आणि हे फक्त तुम्हाला. निघताना काकांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "त्यानं त्या वर्सी आमची वाट बघितली का गं?" त्यांच्या अंगावर तुमचा कोट होता, बटणं लावलेली, आणि ते माझ्याकडे असं बघत होते की मला पार्सलची खिडकी सांगवली नाही, मोकळ्या खुंट्या सांगवल्या नाहीत. मी म्हणाले, "न्हाई काका. त्यांना वाटलं मेळावाच बंद झाला." ते म्हणाले, "मग बरं," आणि मनगट सोडलं. पुन्हा मी तुमच्या तोंडी माझं वाक्य घातलं, अब्बा. उद्या तिघांनी विचारलं तरी हेच सांगेन बहुतेक. तुम्ही वाट पाहिलीत. रोज पाहिलीत. ते मला ठाऊक आहे, आणि माझ्यापाशीच राहील.

हे पत्र आत्ता मशीनसमोर बसून मोठ्याने वाचलं. या वेळी लिहिलं होतं तेच वाचलं. खाली तुमच्या सहीपुरती जागा सुटली आहे, सवयीने.